हॅलोविनच्या रात्रीचा तांबडा-पांढरा पास्ता

कोल्हापूरच्या घरात ‘तांबडा’ आणि ‘पांढरा’ हे दोन शब्द उच्चारले की पुढे काय येणार हे कोणाला सांगावे लागत नाही. तरीही ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुलांसाठी काहीतरी भुताळी जेवण करायचे असे आमच्या घरात पहिल्यांदा ठरले, तेव्हा मी हे दोन्ही रंग विसरून भलतीकडेच भरकटले. खाण्याचा काळा रंग आणला, पास्ता उकळताना अर्धी बाटली पाण्यात ओतली आणि दीड तास खपून जे काही तयार केले ते ना धड काळे होते ना हिरवे. मुलांनी दोन-दोन घास खाल्ले, एकमेकांच्या काळ्या जिभा पाहून खूप हसली आणि ताटे तशीच परत आली. रात्री साडेनऊला पोहे करावे लागले.

त्या फजितीनंतर मी जी पद्धत बसवली ती येथे सविस्तर देत आहे. तिचा पाया एवढाच आहे की बाटलीतला रंग पूर्णपणे वगळावा आणि जे पदार्थ मुळातच लाल, पांढरे आणि काळे असतात त्यांच्याकडूनच भुताटकी करून घ्यावी. लाल रंगासाठी ब्याडगी मिरची आणि टोमॅटो, पांढऱ्यासाठी दूध आणि पनीर, काळ्यासाठी कारळे आणि काळे तीळ. यांतले एकही नाव आपल्या स्वयंपाकघराला नवे नाही. नवा आहे तो फक्त पास्ता, आणि तो शिजवण्याची रीत दोन-तीन गोष्टी नीट पाळल्या तर शेवयांपेक्षा अवघड नाही.

हॅलोविन हा सण मूळचा आयर्लंड आणि स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात या समजुतीतून तो आला आणि १ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती संतदिनाच्या आदल्या रात्रीशी जोडला गेला. तिकडे पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत असत. हे लोक अमेरिकेत गेल्यावर सलगमाची जागा तिथल्या मोठ्या, कोरायला सोप्या भोपळ्याने घेतली. आपल्याकडे हा दिवस दिवाळीच्या आगेमागे येतो. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती, आणि पहाटे पायाखाली कारीट चिरडून नरकासुराचा वध केलेल्या मुलांना रात्री पुन्हा भुते कशाला, म्हणून त्या वर्षी आम्ही हा बेत केलाच नाही. २०२६ मध्ये मात्र हा दिवस दिवाळीच्या आठवडाभर आधी, शनिवारी येत आहे. आमच्याप्रमाणे अनेक घरांत शनिवारी सामिष नसते, त्यामुळे खालचा सगळा बेत शाकाहारी ठेवला आहे. सामिष करणाऱ्यांसाठी एक सूचना पुढे आहे.

बेत असा आहे: ताटलीत पसरलेल्या लाल सॉसवर पांढऱ्या रेघांचे कोळ्याचे जाळे, त्याच्या एका बाजूला काळ्या स्पॅगेटीचा गुंता म्हणजे हडळीचे केस, त्या केसांत अडकलेले पनीरचे डोळे म्हणजे मुंजाचे डोळे, आणि शेजारी तोंड वासून बसलेली, आतून पांढरा पास्ता ओकणारी एक ढबू मिरची. चार माणसांसाठी हे सगळे, बाजारहाट आणि मिरच्या भिजवण्याचा वेळ सोडून, एका तासात होते.

बाजार आणि आदल्या दिवसाची तयारी

टोमॅटो पाऊण किलो घ्यावेत. ते पूर्ण पिकलेले, दाबल्यावर किंचित मऊ लागणारे असावेत, कारण सॉसचा अर्धा रंग तेथूनच येतो. कपिलतीर्थ मंडईत संध्याकाळच्या वेळी असे जास्त पिकलेले टोमॅटो बाजूला काढून ठेवलेले असतात आणि ते स्वस्तही मिळतात. ढबू मिरच्या चार, बुडाशी सपाट आणि ताटलीत न कलंडता उभ्या राहतील अशा, दुकानातच उभ्या करून पाहून घ्याव्यात. पिवळ्या किंवा केशरी मिळाल्या तर फारच छान दिसतात, परंतु हिरव्या ढबूचे भूतही काही कमी कुरूप होत नाही.

ब्याडगी मिरच्या आठ, कारळे अर्धी वाटी आणि काळे तीळ पाव वाटी हा माल लक्ष्मीपुरीत मिळतो. ब्याडगीऐवजी संकेश्वरी किंवा लवंगी वापरू नये. ब्याडगीत रंग भरपूर आणि तिखटपणा कमी असतो, म्हणून आठ मिरच्या घातल्या तरी मुले खाऊ शकतात. दुसऱ्या मिरच्यांनी तेवढाच रंग आणायचा म्हटले तर जेवणारे खरोखरच किंचाळतील. याखेरीज एक लहान बीट, एक मोठा कांदा, लसणाचा एक गड्डा, दोनशे ग्रॅम पनीर, अर्धा लिटर म्हशीचे दूध, थोडे लोणी आणि दोन चमचे मैदा लागेल.

स्पॅगेटी आणि बाटलीबंद ऑलिव्ह राजारामपुरीतल्या मोठ्या किराणा दुकानांत सहज मिळतात. स्पॅगेटी घेताना पाकिटामागचा मजकूर वाचावा. डुरम गव्हाच्या रव्याची स्पॅगेटी शिजल्यावर ताठ राहते, तर मैदा मिसळलेली स्वस्त स्पॅगेटी पाच मिनिटे इकडेतिकडे झाली की खळ होते. हडळीचे केस सुटे दिसणे आवश्यक असल्याने येथे काटकसर करू नये. आपल्याकडचा बन्सी गहू हा डुरमच, आणि आपण ज्याची खीर करतो तो खपली गहू त्याचा जवळचा नातलग. त्यामुळे ही चव आपल्याला वाटते तितकी परकी नाही. ऑलिव्ह हिरवे, बी काढून आत लाल मिरची भरलेले घ्यावेत. त्याचे कारण डोळ्यांच्या वेळी कळेल.

पाश्चात्त्य पाककृतींत बेझिलची पाने सांगितलेली असतात आणि मग आपण तुळस घालावी की काय अशा विचारात पडतो. तुळस घालू नये, तिची चव वेगळी आणि उग्र असते. ज्याचे बी आपण फालुद्यात घालतो त्या सब्जाचे रोप म्हणजेच बेझिल. कुंडीत सब्जा असेल तर त्याची सात-आठ पाने पुरेत, नसेल तर काहीही अडत नाही.

लाल सॉस

सगळ्यात जास्त लक्ष या सॉसकडे द्यावे, कारण बाकीचे सगळे दिखाऊ काम आहे आणि पोट भरणार ते यावरच.

सकाळी किंवा निदान अर्धा तास आधी ब्याडगी मिरच्यांचे देठ आणि बिया काढून त्या कडकडीत गरम पाण्यात भिजत घालाव्यात. मऊ झाल्यावर आठ-दहा लसूण पाकळ्यांबरोबर, भिजवलेलेच थोडे पाणी घालून अगदी गंधासारख्या वाटाव्यात. मिरचीच्या सालीचे तुकडे राहिले तर ते सॉसमध्ये दातांखाली येतात, म्हणून वाटण बोटांत चोळून पाहावे. टोमॅटो उकळून सोलण्यात वेळ घालवू नये. टोमॅटो मधोमध कापून कापलेली बाजू किसणीवर घासावी, गर खाली पडतो आणि साल हातात राहते. पाऊण किलोला सात-आठ मिनिटे लागतात आणि हे काम मुलांकडून करून घेता येते.

जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल तापवून त्यात बारीक चिरलेला कांदा मध्यम आचेवर परतावा. येथे आपल्या हाताला आवर घालावा लागतो. रश्शासाठी आपण कांदा चांगला तांबूस करतो, परंतु या सॉसमध्ये कांदा तांबूस झाला की रंग रक्ताचा न राहता मिसळीच्या कटाचा होतो. कांदा फक्त काचेसारखा व्हावा. मग आच मंद करून मिरची-लसणाचे वाटण घालावे आणि दोन ते तीन मिनिटे हलवत राहावे. मिरचीचा लाल रंग तेलात उतरणारा असतो, पाण्यात नव्हे. त्यामुळे वाटण टोमॅटोच्या आधी तेलात पडणे महत्त्वाचे आहे. पातेल्याच्या कडेला गडद लाल तेल दिसू लागले की टोमॅटोचा गर, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून झाकण अर्धवट ठेवावे आणि पंधरा मिनिटे मंद आचेवर आटू द्यावे. हळद, गोडा मसाला, गरम मसाला यांतले काहीही घालू नये. साय किंवा दूध तर मुळीच नको. त्याने सॉस गुलाबी होतो आणि गुलाबी भुताला कोणी घाबरत नाही.

सॉस डावावरून सावकाश, दाटपणे ओघळू लागला की आच बंद करण्याच्या दोन मिनिटे आधी बीट किसून त्याचा पिळलेला रस दोन मोठे चमचे घालावा. बीटचा रंग जास्त वेळ उकळला की तपकिरी पडतो, म्हणून तो शेवटी घालायचा. टोमॅटोच्या आंबटपणामुळे तो लाल टिकून राहतो. या शेवटच्या दोन मिनिटांत सॉसचा रंग शेंदरी छटेतून काळपट लालीकडे झुकताना डोळ्यांना दिसतो, आणि हा बदल पाहायला मुलांना आवर्जून बोलवावे. चव पाहून मीठ किंचित कमीच ठेवावे, कारण पुढे हा सॉस खारट पाण्यात शिजलेल्या पास्त्याबरोबर खायचा आहे.

मोठ्यांसाठी थोडा सॉस वेगळ्या भांड्यात काढून त्यात अर्धा चमचा आपली कांदा-लसूण चटणी घालावी. कोल्हापुरात ही सूचना लिहावी लागते यातच काय ते आले, पण मुलांच्या पातेल्यात ती घालू नये.

मुंजाचे डोळे

सॉस आटत असताना डोळे करावेत. फ्रिजमधले पनीर घट्ट असते. ते दहा मिनिटे गरम पाण्यात ठेवून, पिळून, बारीक किसून घ्यावे. त्यात एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर मीठ घालून तळहाताच्या उंचवट्याने ताटात रगडत मळावे, पेढ्यासाठी खवा मळतो तसे. पाच मिनिटांनी पनीर कणीदार न राहता मऊसूत गोळा होतो आणि हाताला तूपकट लागतो. एवढे मळले नाही तर डोळ्यांना भेगा पडतात. या गोळ्यातून मोठ्या बोराएवढे बारा गोळे वळावेत आणि प्रत्येकावर बोटाने हलकी खळी पाडावी.

आता ऑलिव्ह आडवे कापावेत. प्रत्येक चकतीत हिरवे कडे आणि मध्ये लाल ठिपका दिसतो, म्हणजे बुबुळ आणि बाहुली दोन्ही तयार मिळतात. चकती खळीत बसवून कडेने पनीर जरा दाबावे. मग टूथपिकचे टोक सॉसवर आलेल्या लाल तेलात बुडवून बुबुळापासून बाहेर तीन-चार वाकड्यातिकड्या बारीक रेघा ओढाव्यात. या रेघा ओढण्यापूर्वी तो गोळा पनीरचा असतो आणि ओढल्यानंतर तो आपल्याकडे बघू लागतो. रेघा सारख्या लांबीच्या काढू नयेत, एक-दोन अर्ध्यावरच सोडाव्यात.

ऑलिव्ह आवडत नसतील तर गाजराच्या पातळ चकतीवर काळ्या मनुकेचा तुकडा ठेवावा. बाहुलीसाठी अख्खी काळी मिरी मात्र वापरू नये. मी एकदा वापरली होती, दिसायला ती उत्तम दिसली आणि माझ्या सहा वर्षांच्या भाच्याने डोळा अख्खा तोंडात टाकून चावला. त्यानंतर त्याने दोन वर्षे आमच्याकडे पनीर खाल्ले नाही. पाच वर्षांखालील मुलांच्या ताटात हे गोळे चार तुकडे करूनच वाढावेत, कारण गोल आणि मऊ गोळा घशात अडकू शकतो.

काळी पूड

परदेशात काळ्या पास्त्यासाठी माकुलाच्या पिशवीतली शाई वापरतात. ती आपल्याकडे सहज मिळत नाही आणि शनिवारी चालणारही नाही. काही जण खाण्याच्या कोळशाची पूड सुचवतात. ती मी जेवणात घालत नाही, कारण असा कोळसा पोटात औषधे शोषून घेतो आणि घरात रोजची गोळी घेणारी वडील माणसे असतात. आपल्याकडे कारळ्याची चटणी पिढ्यान् पिढ्या भाकरीबरोबर खाल्ली जाते, तिच्याइतका चविष्ट काळा रंग दुसरा नाही.

कारळे कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटे भाजावेत. ते मुळातच काळे असल्याने करपले तरी रंगावरून कळत नाही, म्हणून कानाने आणि नाकाने काम करावे. तडतड सुरू होऊन खमंग वास आला की लगेच ताटात काढावेत, कढईत राहू दिले तर तिच्या उष्णतेने ते कडू होतात. तीळ वेगळे भाजावेत, त्यांना दोन मिनिटे पुरतात. दोन्ही पूर्ण गार झाल्यावर मीठ घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावे. सलग फिरवले तर तेल सुटून गोळा होतो आणि मग ती पूड स्पॅगेटीला सारखी लागत नाही.

यातली दोन चमचे पूड अलग ठेवावी. शेवटी ती स्मशानातली माती म्हणून ताटलीच्या कडेला भुरभुरायची आहे.

पांढरा सॉस आणि ढबूचे भूत

दोन मोठे चमचे लोणी मंद आचेवर वितळवून त्यात तेवढाच मैदा घालावा आणि कच्चा वास जाईपर्यंत, साधारण दोन मिनिटे, परतावा. रंग बदलू देऊ नये. मग गार दूध चारशे मिलिलिटर, पहिल्यांदा अगदी थोडे आणि नंतर धारेने, सतत घोटत घालावे. गार दूध गरम मैद्यावर पडले तर गुठळ्या कमी होतात, उलट दोन्ही उकळते असले तर मैदा जागच्या जागी शिजून त्याचे गोळे होतात. म्हशीच्या दुधाला स्निग्धता जास्त असल्याने सॉस लवकर दाटतो. गंगावेशीतून ताजे दूध आणले असेल तर मैदा अर्धा चमचा कमी घेतला तरी चालतो. मीठ, किसलेले जायफळ चिमूटभर आणि मिळाली तर पांढऱ्या मिरीची पूड घालावी. काळ्या मिरीची पूड घातली तर पांढऱ्यावर ठिपके दिसतात.

यातला पाव वाटी सॉस जाळ्यासाठी बाजूला ठेवावा. तो गार होताना आणखी घट्ट होईल, तेव्हा चमचाभर दूध घालून मेंदीच्या भिजवणीइतका ठेवावा. मेंदीचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण जाळे काढायला मेंदीच्या कोनासारखा कोनच लागतो. जाड प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशवीचा कोन करून त्यात सॉस भरावा आणि टोक अगदी बारीक कापावे. ज्यांना मेंदी काढता येते त्यांना पुढे काही शिकवावे लागणार नाही.

ढबू मिरच्यांचे देठाकडचे झाकण कापून आतल्या बिया काढाव्यात. टोकदार लहान सुरीने एका बाजूला दोन त्रिकोणी डोळे आणि खाली दातेरी तोंड कोरावे. हे काम मोठ्यांनीच करावे, ढबूची साल गुळगुळीत असते आणि सुरी घसरते. तोंड थोडे मोठेच कोरावे, कारण बारीक भोकातून स्पॅगेटी बाहेर निघत नाही. कोरलेल्या मिरच्या इडलीपात्रात चार मिनिटे वाफवाव्यात. त्यापेक्षा जास्त वाफवल्या तर चेहरा ढासळतो, अर्थात तेही कोणाला आवडेल.

भोपळा कोरण्याची हौस असणाऱ्यांनी आपल्या तांबड्या भोपळ्याचा विचार जपून करावा. त्याची साल जाड, गर घट्ट, आणि बाजारात तो बहुधा फोडी करूनच विकला जातो. अख्खा लहान भोपळा मिळालाच तर कोरून त्यात पणती ठेवावी, पण तो दाराबाहेर शोभेला. झगे घालून मुले फिरणार असतील तर पणतीऐवजी बॅटरीवरचा दिवा ठेवावा.

पास्ता शिजवणे

साडेतीन लिटर पाणी मोठ्या पातेल्यात खळखळून उकळावे आणि त्यात दोन मोठे चमचे मीठ घालावे. एवढे मीठ पाहून हात थबकतो, परंतु त्यातले बरेचसे पाण्यातच राहते, आणि पास्त्याला आतून चव येण्याची हीच एक संधी असते. पाण्यात तेल घालू नये. तेलाचा थर बसला की सॉस पास्त्यावरून घसरतो. स्पॅगेटी तीनशे वीस ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या पाकिटातली साधारण दोन तृतीयांश घ्यावी. ती न मोडता पाण्यात उभी सोडावी. अर्ध्या मिनिटात खालची टोके मऊ होतात आणि वरचा भाग हलक्या दाबाने आपोआप पाण्यात जातो. केस आखूड झाले तर हडळ शोभत नाही.

पाकिटावर नऊ मिनिटे लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला एक काडी काढून दाताने तोडून पाहावी. मध्ये सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की ती काढण्याजोगी झाली, कारण पुढे मिनिटभर ती कढईत शिजणार आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच असल्याने आपल्याकडे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, त्यामुळे पाकिटावरच्या वेळेपेक्षा अर्धे मिनिट जास्त लागले तर नवल नाही. घड्याळापेक्षा दातावर विश्वास ठेवावा.

गाळण्यापूर्वी दोन वाट्या पाणी काढून ठेवायला विसरू नये. या पाण्यात पास्त्यातले पिष्ट उतरलेले असते आणि तेच तेल आणि सॉस एकजीव करते. पास्ता गार पाण्याखाली धुऊ नये.

मोठ्या कढईत दोन चमचे तेल तापवून चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या टाकाव्यात, त्यावर पाच मोठे चमचे काळी पूड आणि लगेच अर्धी वाटी पास्त्याचे पाणी घालावे. काळा, दाट, चकाकणारा लगदा तयार होतो. त्यात दोन तृतीयांश स्पॅगेटी घालून मोठ्या आचेवर दोन चिमट्यांनी मिनिटभर उलटसुलट करावी, कोरडी वाटल्यास आणखी थोडे पाणी शिंपडावे. हा काळा रंग शाईसारखा सपाट होत नाही. त्यात राखाडी छटा आणि बारीक कण राहतात, आणि खरे सांगायचे तर न विंचरलेल्या केसांना तोच शोभतो. उरलेली एक तृतीयांश स्पॅगेटी पांढऱ्या सॉसमध्ये घोळवावी.

ज्यांच्या कुंपणावर निळी गोकर्ण आहे त्यांनी आणखी एक गंमत करून पाहावी. वीस-पंचवीस फुले कपभर गरम पाण्यात टाकली की गडद निळे पाणी मिळते. त्यात मूठभर शिजलेली स्पॅगेटी दहा मिनिटे ठेवली तर ती निळसर-हिरवट, बुडून मेलेल्या माणसासारखी दिसते, कारण स्पॅगेटीचा मूळचा पिवळेपणा निळ्यात मिसळतो. ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळले की डोळ्यांदेखत जांभळी छटा चढते. पोट भरण्यासाठी हिचा उपयोग नाही, पण मुलांना हे सर्वांत जास्त आठवते.

ताटली मांडणे

हे सगळे पाच मिनिटांत आटोपावे लागते, नाहीतर पास्ता गार होऊन त्याचा गोळा बनतो. म्हणून ताटल्या आधी गरम पाण्यातून काढून पुसून ठेवाव्यात, पांढऱ्या असतील तर उत्तम. लाल सॉस पुन्हा गरम करून प्रत्येक ताटलीत दोन डाव घालावा आणि डावाच्या पाठीने गोल पसरावा. कोनाने मधोमध एक ठिपका द्यावा, त्याभोवती बोटभर अंतराने तीन-चार वर्तुळे काढावीत. मग टूथपिक मधल्या ठिपक्यात टेकवून एका दमात कडेपर्यंत ओढावी, प्रत्येक ओढीनंतर टोक पुसावे, अशा आठ ओढी द्याव्यात. वर्तुळे बाहेरच्या बाजूला ताणली जातात आणि जाळे उमटते. सॉस पातळ असेल तर रेघा पसरून नुसते पांढरे डाग दिसतात. तसे झाले तर तो सॉस आणखी दोन मिनिटे आटवणे हाच उपाय आहे, जाळे पुन्हा पुन्हा गिरवून ते सुधारत नाही.

जाळ्याच्या एका बाजूला, मधोमध नव्हे, काट्याभोवती गुंडाळलेला काळ्या स्पॅगेटीचा गुंता ठेवावा आणि दोन-चार काड्या ताटलीच्या कडेवरून बाहेर लोंबू द्याव्यात. त्यात दोन डोळे खोचावेत, एकमेकांकडे न बघणारे. उरलेले चार डोळे नंतर मागणाऱ्यांसाठी ठेवावेत. ढबूत पांढरी स्पॅगेटी भरून काही काड्या चिमट्याने डोळ्यांतून आणि तोंडातून बाहेर ओढाव्यात, झाकण तिरके ठेवावे. कडेला काळी माती भुरभुरावी. उरलेला लाल सॉस वाडग्यात घालून पंगतीच्या मध्ये ठेवावा, कारण ताटलीतला थर दिसण्यापुरता असतो आणि केस कोरडे खावे लागले तर घास उतरत नाही. वाढण्यापूर्वी टूथपिक मोजून बाजूला काढाव्यात.

शनिवार नसेल तेव्हा लाल सॉसमध्ये पाव किलो खिमा घालता येतो. तो कांद्यानंतर घालून पाणी आटेपर्यंत परतावा आणि टोमॅटोबरोबर दहा मिनिटे जास्त शिजवावा. फक्त खिम्याच्या सॉसवर जाळे नीट उमटत नाही, म्हणून ताटलीपुरता सॉस खिमा बाजूला सारून, गाळून ठेवावा लागेल. प्यायला कोकमाचे सरबत द्यावे. त्याचा रंग आयता मिळतो आणि लोण्या-पनीरच्या जेवणावर ते बरे पडते.

वेळेचे गणित

आठला जेवायचे असेल तर सातला कांदा आणि वाटण तेलात पडलेले असावे. सॉस आटतो आहे तोवर दुसऱ्या शेगडीवर कारळे आणि तीळ भाजून होतात आणि ओट्यावर डोळे तयार होतात. साडेसातला त्याच शेगडीवर पांढरा सॉस करावा, तेवढ्यात लाल सॉस उतरतो आणि मोकळ्या झालेल्या शेगडीवर पास्त्याचे पाणी चढवता येते. साडेतीन लिटर पाण्याला उकळी यायला पंधरा मिनिटे सहज लागतात, त्यामुळे हे पाणी उशिरा चढवणे ही या बेतातली सर्वांत नेहमीची चूक आहे. पाणी आधी विजेच्या किटलीत तापवून घेतले तर दहा मिनिटे वाचतात. पास्ता पाण्यात पडला की ढबू वाफवायला ठेवाव्यात, आणि त्या क्षणापासून फोन कोणीही उचलू नये.

उरलेला लाल सॉस झाकून फ्रिजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तव्यावर पसरून, त्यात खळ्या करून अंडी फोडावीत आणि झाकण ठेवून पांढरे घट्ट होईपर्यंत शिजवावे. पावाबरोबर खाताना त्यातही डोळे दिसतातच, आणि ते मुद्दाम करावे लागत नाहीत. उरलेली काळी पूड भाकरीबरोबर दोन आठवडे पुरते.